घरचा डॉक्टर

मुंबई शहरात आज जितकी मोठी रुग्णालये आहेत तितकी पूर्वी कधीही नव्हती. हृदयावर शस्त्रक्रिया करणारे, मूत्रपिंडाचे रोपण करणारे, मेंदूतील गाठ काढणारे निष्णात वैद्य येथे आहेत आणि त्यांची कीर्ती ऐकून आखाती देशांतील व आफ्रिकेतील रुग्णही या शहरात येतात. ही गोष्ट भूषणावह आहे यात शंका नाही. परंतु याच शहरातील एखाद्या सुशिक्षित, नोकरीपेशातील गृहस्थाला, 'आज रात्री तुमच्या मुलाला ताप भरला तर कोणाकडे जाल?' एवढेच विचारून पाहावे. एका पिढीपूर्वी या प्रश्नाचे उत्तर म्हणून एका माणसाचे नाव येत असे. आज बहुधा एका इमारतीचे नाव येते. या फरकाचा जितका विचार व्हावयास हवा होता तितका तो झालेला नाही. म्हणूनच आज या जागी एखादा राजकीय प्रश्न न घेता आम्ही कोपऱ्यावरच्या दवाखान्याचा प्रश्न वाचकांपुढे मांडीत आहोत.

ज्यांचे बालपण गिरगावात, दादरला, लालबाग-परळमध्ये किंवा पार्ल्यात गेले त्यांना या दवाखान्याचे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही. रस्त्याच्या तोंडाशी असलेल्या इमारतीच्या तळमजल्यावरची एक खोली; तिच्या मध्यावर फळीचा आडोसा; अलीकडे दोन बाके, पलीकडे डॉक्टरांचे टेबल आणि तपासण्याचा उंच कोच; एका बाजूला लहानशा खिडकीमागे कंपाउंडर. घरून आणलेल्या काचेच्या बाटलीवर डोसाच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी चिकटवून तो तीत गुलाबी मिक्स्चर ओतून देई आणि तीन दिवसांच्या पुड्या बांधी. त्या मिक्स्चरमध्ये काही अलौकिक गुण होता असा आमचा दावा नाही. आजच्या औषधांपुढे ते फारच दुबळे होते, आणि आज सहज वाचणारी कितीतरी माणसे त्या काळी त्या डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत दगावत. तेव्हा जुन्या दिवसांचे गोडवे गाण्यासाठी आम्ही हा विषय काढलेला नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. औषधे सुधारली, यंत्रे आली, निदानाची साधने आली. परंतु हे सारे ज्याच्या हाती द्यावयाचे तो रुग्णाला ओळखणारा माणूसच मधून नाहीसा होत चालला आहे, आणि त्याची जागा भरून काढील असे दुसरे काहीही आपण निर्माण केलेले नाही.

ओळखीचे मोल

कौटुंबिक डॉक्टरचे काम म्हणजे सर्दी-खोकल्यावर गोळ्या देणे, अशी एक समजूत सुशिक्षितांतही रूढ झाली आहे. ती चुकीची आहे. त्याचे पहिले काम निवड करण्याचे. त्याच्याकडे येणाऱ्या बहुसंख्य रुग्णांचे दुखणे चार दिवसांत आपोआप बरे होणारे असते. मोजक्यांचे मात्र तसे नसते. पोटदुखीच्या अनेक रुग्णांतून अपेंडिक्सचा तेवढा एक वेळीच ओळखणे आणि उरलेल्यांना विनाकारण चाचण्यांच्या फेऱ्यात न ढकलणे, ही सोपी विद्या नव्हे. त्याचे दुसरे काम स्मरणाचे. समोर बसलेल्या चाळिशीच्या माणसाच्या वडिलांनाही याच वयात रक्तदाब सुरू झाला होता, त्याची नोकरी गेल्या वर्षी गेली, त्याच्या पत्नीला रात्री झोप लागत नाही आणि ती हे कोणाला सांगत नाही, या गोष्टी कोणत्याही रक्ततपासणीत उमटत नाहीत. आणि त्याचे तिसरे काम वाटाड्याचे. हृदयाचा, हाडांचा, मूत्रपिंडाचा असे चार तज्ज्ञ चार चिठ्ठ्या देतात. त्या चारही एकत्र वाचून यातले कोणते औषध कोणत्या औषधाच्या आड येते हे पाहणारा एक जण लागतो. तो नसला म्हणजे सत्तरीच्या वृद्धाच्या उशाशी औषधांच्या बारा पट्ट्या जमतात आणि त्यांतील तीन एकाच गुणाच्या असतात.

ही केवळ भावनेची गोष्ट आहे असे कोणी म्हणेल तर त्याला पुरावाही देता येईल. नॉर्वे देशात प्रत्येक नागरिक एका ठरावीक डॉक्टरकडे नोंदलेला असतो. तेथील सुमारे पंचेचाळीस लाख लोकांच्या नोंदींचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. जे लोक पंधरा वर्षांहून अधिक काळ एकाच डॉक्टरकडे जात होते, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण नुकताच डॉक्टर बदललेल्यांपेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने कमी आढळले. तातडीने रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाणही तितकेच, किंबहुना किंचित अधिक, घटलेले होते. हा गुण डॉक्टरच्या ज्ञानाचा असेलच. पण त्याबरोबरच तो परिचयाचाही आहे. एखाद्या नव्या गोळीने मृत्यूचे प्रमाण इतके खाली आणले असते तर तिच्या जाहिराती आमच्याच पानांवर झळकल्या असत्या!

शिवाय आजचे रोगही असे आहेत की त्यांना असाच डॉक्टर हवा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाच्या रुग्णांची संख्या १० कोटींच्या वर असल्याचा अंदाज देण्यात आला. आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्या रोगाच्या उंबरठ्यावर आहेत. पटकी आणि देवी हे रोग येत आणि जात. मधुमेह आणि रक्तदाब येतात ते मुक्कामाला. त्यांच्याशी लढाई शस्त्रक्रियागृहात होत नाही. ती वीस-पंचवीस वर्षे, दर महिन्याला, दहा मिनिटांच्या भेटीत होते. या भेटी घडल्या नाहीत की मग डायलिसिसची खाट आणि हृदयाची स्प्रिंग यांवाचून गत्यंतर राहत नाही.

मांडवीचा धडा

मुंबईला तर हे इतिहासाने एकदा चांगलेच शिकविलेले आहे. १८९६च्या सप्टेंबरात मांडवी भागात गाठीच्या तापाने माणसे मरू लागली. हा ताप म्हणजे ग्रंथिक सन्निपात, प्लेग आहे, हे प्रथम ओळखले ते डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी. ते मूळचे गोव्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले, आणि मांडवीत आपला दवाखाना चालविणारे डॉक्टर. सरकारच्या मोठ्या प्रयोगशाळेतून हे निदान आले नाही. ते आले गोदामांच्या आणि दाट वस्तीच्या त्या भागात घरोघर जाऊन रुग्ण तपासणाऱ्या एका खासगी वैद्याकडून. अधिकाऱ्यांनी आरंभी ते मानण्यास खळखळ केली. पुढे तज्ज्ञांकडून खात्री करून घेतल्यावर ते मानावे लागले. हाफकिन यांना मुंबईस पाचारण करण्यात आले आणि १८९७च्या जानेवारीत त्यांनी आपल्या लशीचा पहिला प्रयोग स्वतःवरच केला. डॉ. व्हिएगस यांचा पुतळा आजही धोबीतलाव येथे मेट्रो सिनेमाजवळ उभा आहे. त्या पुतळ्यावरून रोज हजारो लोक जातात. तो कोणाचा आहे हे त्यांतील किती जणांस सांगता येईल?

या घटनेतील बोध स्पष्ट आहे. साथीचा पहिला रुग्ण मोठ्या रुग्णालयाच्या दाराशी जात नाही. तो घराजवळच्या दवाखान्यात जातो. एकाच गल्लीतून एकाच आठवड्यात सारख्याच तक्रारीचे पाच जण आले, हे ज्याच्या प्रथम लक्षात यावयाचे तो तेथे बसलेला डॉक्टर. शहराचे कान आणि डोळे हेच आहेत. आज पावसाळा आला की डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टो यांनी हेच शहर दरवर्षी पछाडले जाते. आणि २०२० साली धारावीत कोरोनाची साथ रोखताना महापालिकेला शेवटी आधार घ्यावा लागला तो त्याच वस्तीत दवाखाने चालविणाऱ्या खासगी डॉक्टरांचा. लोकांनी त्यांच्यापुढे दार उघडले याचे कारण ते त्यांना आधीपासून ओळखत होते.

दवाखाना का बंद पडतो?

मग असा हा दवाखाना बंद का पडत आहे? तरुण डॉक्टरांना सेवाभाव उरला नाही, पैशाचा लोभ सुटला, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांला ते न्याय्य वाटत नाही. आपण त्यांना कोणत्या वाटेने नेतो हे आधी पाहिले पाहिजे.

पहिली गोष्ट शिक्षणाची. नाशिक येथे जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला तेव्हा समाजाचा वैद्य होऊ शकेल असा डॉक्टर घडविणे हे वैद्यकीय शिक्षणाचे ध्येय मानले होते. प्रत्यक्षात विद्यार्थी शिकतो तो हजार-दीड हजार खाटांच्या रुग्णालयात, तज्ज्ञांच्या हाताखाली, इतरत्र न सुधारलेल्या गंभीर रुग्णांच्या संगतीत. एम.बी.बी.एस.च्या परीक्षेत कुटुंबवैद्यक हा स्वतंत्र विषय नाही. साडेपाच वर्षांत ज्याने एकही चांगला कौटुंबिक दवाखाना आतून पाहिलेला नाही, त्याच्या मनात आपण तसे व्हावे अशी इच्छा उत्पन्न व्हावी कशी? २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात कुटुंबवैद्यकातील पदव्युत्तर शिक्षणाचा पुरस्कार केलेला आहे; राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९च्या कायद्यातही त्यास उत्तेजन देण्याची जबाबदारी आयोगाच्या मंडळावर टाकलेली आहे. धोरण आहे, कायदा आहे. परंतु पदव्युत्तर जागांच्या मोठ्या गर्दीत या विषयाच्या जागा हुडकाव्या लागतात. परिणामी 'नुसता एम.बी.बी.एस.' हा शब्दप्रयोग आपल्या समाजात जवळजवळ हिणवण्याचा झाला आहे. ज्या पदवीसाठी मुलाने दोन-दोन वर्षे क्लासात घाम गाळला, ती हाती आल्यावर तिच्यामागे 'नुसता' लागावा, यासारखा दैवदुर्विलास नाही.

दुसरी गोष्ट जागेची. जुन्या इमारती पडून तेथे उत्तुंग मनोरे उभे राहत आहेत. जुन्या भाडेकरूला कायद्याने जागा मिळते हे खरे. परंतु वृद्ध डॉक्टर निवृत्त झाले की ती जागा दुसऱ्या डॉक्टरकडे न जाता तेथे मोबाइलचे नाहीतर मिठाईचे दुकान लागते, कारण तो भाव देण्याची ऐपत नव्या डॉक्टरमध्ये नसते. शिक्षणाचे कर्ज डोक्यावर घेऊन आलेल्या सत्तावीस वर्षांच्या डॉक्टरने दादर-पार्ल्यात गाळा घ्यावा आणि माफक फी घेऊन रुग्ण तपासावेत, ही अपेक्षा हिशेबात बसत नाही. मग तो एखाद्या मोठ्या रुग्णालयात पगारावर राहतो, किंवा तज्ज्ञ होण्याच्या परीक्षेची तयारी पुन्हा सुरू करतो.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि तीच सर्वांत निर्णायक आहे. २०१८ साली सुरू झालेली आयुष्मान भारत योजना प्रत्येक पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. राज्याची महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनाही आहे. या योजनांनी गरिबांच्या घरांवरील अनेक संकटे टाळली आहेत आणि त्यांचे श्रेय देण्यास आम्ही कचरणार नाही. पण त्यांचा मुख्य भर रुग्णालयात दाखल होण्यावर आहे. मध्यमवर्गीयांच्या बहुतेक खासगी विम्यांचेही तेच. म्हणजे रक्तदाबाची गोळी वेळेवर मिळावी म्हणून विमा पैसा देत नाही. ती न मिळाल्यामुळे अर्धांगवायू झाला की मात्र देतो! राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार २०२१-२२ साली देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी थेट आपल्या खिशातून केला. आधीच्या वर्षांच्या मानाने हे प्रमाण घटले आहे ही समाधानाची गोष्ट. परंतु अजूनही खिशातून जाणाऱ्या या पैशाचा मोठा वाटा बाहेरच्या बाहेर घेतलेल्या उपचारांचा आणि औषधांचाच आहे.

याच्या जोडीला अविश्वास आला. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. रुग्णाला दाद मागण्याचा हक्क मिळाला हे योग्यच झाले. पण ज्या डॉक्टरला आपला रुग्ण कोण हे ठाऊक नाही आणि ज्या रुग्णाला आपला डॉक्टर कोण हे ठाऊक नाही, त्या दोघांमध्ये हा कायदा आला की प्रत्येक चाचणी ही बचावाची तरतूद होते. तिचे बिल अर्थातच रुग्ण भरतो.

दोष झाकून चालणार नाही

कौटुंबिक डॉक्टरचा कैवार घेताना त्याचे दोष झाकण्याची आमची इच्छा नाही. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबईतील १०० खासगी डॉक्टरांना क्षयरोग्यासाठी औषधयोजना लिहावयास सांगितले असता त्यांनी ८० निरनिराळ्या योजना लिहिल्या होत्या. सुमारे वीस वर्षांनी, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १०६ डॉक्टरांनी ६३ तऱ्हांची औषधयोजना लिहिली आणि त्यांतील अवघ्या ६ जणांची बिनचूक ठरली. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे मुंबईत जे थैमान आहे त्याची काही मुळे या चिठ्ठ्यांत आहेत, हे नाकारता येणार नाही. साध्या तापाला सलाइन आणि विषाणूच्या सर्दीला प्रतिजैविके देणारे दवाखाने आजही आहेत. तपासणीसाठी पाठविलेल्या रुग्णामागे टक्केवारी घेण्याची किळसवाणी चाल आहे. तिला आळा घालण्यासाठी राज्य सरकारने २०१७ साली कायद्याचा मसुदा केला, आणि तो मसुदाच राहिला. २०२०च्या टाळेबंदीत अनेक दवाखान्यांना कुलपे लागली आणि सरकारला कारवाईची धमकी द्यावी लागली, हेही लोक विसरलेले नाहीत. त्याच साथीत रुग्ण तपासता तपासता देशभरात शेकडो डॉक्टरांनी प्राण गमावले, हेही विसरता कामा नये.

परंतु या दोषांचे कारण काय? एकदा पाटी लावल्यावर या डॉक्टरला पुन्हा कोणी शिकवीत नाही, कोणी तपाशीत नाही आणि कोणी विचारीतही नाही. औषधे कंपन्यांचे प्रतिनिधी तेवढे त्याला नियमाने भेटतात! त्याला सार्वजनिक व्यवस्थेने वाऱ्यावर सोडले आणि मग तो भलतीकडे गेला म्हणून त्याला बोल लावला. शाळेचे खोलीभाडे, शिक्षकाचे वेतन आणि तपासणी या तिन्ही गोष्टी सोडून द्याव्यात आणि निकाल लागला नाही म्हणून शिक्षकाच्या नावाने खडे फोडावेत, त्यातलाच हा प्रकार होय. क्षयाच्याच बाबतीत, खासगी डॉक्टरला मोफत औषधांच्या आणि चाचण्यांच्या व्यवस्थेशी जोडून घेण्याचा उपक्रम मुंबईत २०१४पासून झाला तेव्हा हजारो रुग्णांची नोंद खासगी दवाखान्यांतून होऊ लागली. हात दिला की हा डॉक्टर पुढे येतो, असाच याचा अर्थ.

गिरणगावाने केलेला प्रयोग

यावर कोणी म्हणेल की नॉर्वे-इंग्लंडची व्यवस्था आपल्याकडे कशी चालणार? इंग्लंडने १९४८ साली प्रत्येक नागरिक एका डॉक्टरच्या यादीवर नोंदविण्याची पद्धत राष्ट्रव्यापी केली. तो देश श्रीमंत, आपण गरीब. परंतु या आक्षेपाला मुंबईनेच उत्तर दिलेले आहे. कामगार राज्य विमा कायदा १९४८ साली झाला आणि १९५४ साली ही योजना मुंबईत आली. त्या योजनेत सरकारने सर्वत्र स्वतःचे दवाखाने उघडण्याऐवजी वस्तीतील खासगी डॉक्टरांचीच यादी केली. कामगाराने त्या यादीतील आपल्या सोयीच्या डॉक्टरची निवड करावयाची. त्याचे नाव त्या डॉक्टरकडे नोंदले जावयाचे. आणि डॉक्टरला मोबदला मिळावयाचा तो रुग्ण किती वेळा आला किंवा त्याला किती सुया टोचल्या यावर नव्हे, तर त्याच्याकडे किती माणसे नोंदलेली आहेत त्यावर. गिरणगावातील 'पॅनेलचा डॉक्टर' तो हाच.

या पद्धतीत उणिवा होत्या. मोबदला तुटपुंजा होता, काही ठिकाणी तपासणी उरकून टाकली जाई आणि आजारपणाच्या खोट्या दाखल्यांची ओरड नेहमी असे. पण परळच्या चाळीतील गिरणी कामगाराला 'तुझा डॉक्टर कोण?' असे विचारले असता त्याला नाव सांगता येई, ही गोष्ट लहान नव्हती. १९८२च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या बसल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले आणि त्या कामगारांबरोबर ही व्यवस्थाही लोकांच्या स्मरणातून पुसली गेली. गिरणी कामगाराला जे मिळाले होते ते त्याच जमिनीवरच्या तिसाव्या मजल्यावर राहणाऱ्याला आज मिळत नाही, आणि त्या मनोऱ्याच्या पायथ्याशी मोटारी धुणाऱ्यालाही मिळत नाही.

काय करावे?

महापालिकेने या दिशेने काहीच केले नाही असे आम्ही म्हणत नाही. तिचे पावणेदोनशेहून अधिक दवाखाने जुनेच आहेत. आणि २०२२च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या 'आपला दवाखाना' योजनेने संध्याकाळी, कामावरून परतल्यावर जाता येईल अशी मोफत तपासणीची आणि १४७ चाचण्यांची सोय केली. नोकरदार माणूस सकाळी दहाच्या रांगेत उभा राहू शकत नाही, एवढी साधी गोष्ट सरकारी व्यवस्थेच्या लक्षात यावयास इतकी वर्षे लागली. पण ती आली हे चांगले झाले. मात्र या दवाखान्यातील डॉक्टर कंत्राटावरचा. तो वर्ष-सहा महिन्यांत बदलत राहिला तर दवाखाना 'आपला' होईल, डॉक्टर आपला होणार नाही. आणि आम्ही वर जे सांगितले ते दुसऱ्याविषयी आहे.

तेव्हा आमच्या सूचना अशा. महापालिकेने परळ, मुंबई सेंट्रल, शीव आणि विलेपार्ले येथील आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत कुटुंबवैद्यकाचे पूर्ण विभाग उघडावेत, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला वस्तीतील निवडक दवाखान्यांत अनुभवी डॉक्टरांच्या शेजारी काही आठवडे बसवावे. 'आपला दवाखाना'तील डॉक्टरला कायम नेमणूक, बढतीची वाट आणि किमान पाच वर्षे एकाच जागी राहण्याची हमी द्यावी. २०१८ साली मंजूर झालेल्या विकास नियमावलीत इमारतीतील व्यायामशाळेला चटईक्षेत्राची सवलत आहे. तशीच सवलत, माफक भाड्याने कौटुंबिक डॉक्टरला देण्याच्या अटीवर, प्रत्येक मोठ्या पुनर्विकासातील एका खोलीस द्यावी. व्यायामशाळेला जी जागा सापडते ती दवाखान्याला का सापडू नये? आणि शेवटी, राज्य सरकारने आपल्या विमायोजनेतील पैशाचा एक निश्चित हिस्सा रुग्णालयाबाहेरच्या उपचारांसाठी राखून, एका-दोन प्रभागांत तरी पॅनेलची जुनी पद्धत सुधारून पुन्हा सुरू करावी: कुटुंबाने डॉक्टर निवडावा, नोंदणीनुसार डॉक्टरला वर्षाचे मानधन मिळावे, आणि त्या बदल्यात त्याने नोंदी ठेवाव्यात, क्षयासारख्या रोगांची वर्दी द्यावी, दर वर्षी नवे शिक्षण घ्यावे आणि टक्केवारीला स्पर्श करू नये. अट मोडणाऱ्याचे नाव यादीतून काढावे. हे सारे एकदम साऱ्या शहरात करा असे आम्ही म्हणत नाही. पण कोठेतरी प्रामाणिकपणे आरंभ करा एवढी मागणी गैरवाजवी नाही.

आणि वाचकहो, आपल्यालाही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. डोके दुखले की थेट मेंदूच्या तज्ज्ञाची वेळ घ्यावयाची, मोबाइलवर वाचून स्वतःच रोगाचे नाव ठरवावयाचे, डॉक्टरने औषध न देता 'दोन दिवस विश्रांती घ्या' म्हटले तर त्याला काही येत नाही असे समजून दुसऱ्याकडे जावयाचे, ही आपलीच रीत आहे. तज्ज्ञाला मुकाट्याने दीड हजार मोजणारे आपण गल्लीतल्या डॉक्टरने फी पन्नास रुपयांनी वाढविली की कुरकुरतो. ज्याने सुई टोचली नाही, चाचणी लिहिली नाही, फक्त वीस मिनिटे ऐकून घेतले आणि योग्य तेच सांगितले, त्याला त्या वीस मिनिटांचे मोल देण्यास आपण शिकले पाहिजे. तो मोल मिळाल्यावाचून टिकणार नाही.

आज ज्या दवाखान्यांत दिवे लागतात त्यांतील कित्येक ठिकाणी टेबलामागे सत्तरी ओलांडलेले डॉक्टर बसलेले आहेत. त्यांच्या कपाटांत आणि त्याहून अधिक त्यांच्या डोक्यात तीन-तीन पिढ्यांची दुखणी साठविलेली आहेत. ती पाहून घेणारा तरुण त्यांच्या शेजारी बसविण्यास फार तर दहा वर्षे आपल्या हाती आहेत. तेवढ्यात ते साधले नाही तर नवे दवाखाने पुढे कितीही बांधता येतील. पण ही ओळख पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल आणि तिला आणखी एक पिढी लागेल. महापालिकेने आणि राज्य सरकारने हा काळ वाया घालवू नये, एवढीच आमची आग्रहाची विनंती आहे.